वायर किती खाते?

शेतातली मोटर जळाली की गावात दोनच आरोपी उभे केले जातात. एक डीपी, दुसरा रिवाइंडिंगवाला. डीपीवरून व्होल्टेज कमी आलं, नाहीतर रिवाइंडिंगवाल्यानं हलकी तार भरली. या दोघांच्या मधे बांधावरून, चारीतून, उसाच्या सरीतून पडलेल्या केबलीची चौकशी सहसा होत नाही. ती मुकाट पडून असते, तापलेली दिसत नाही, आवाज करत नाही. म्हणून ती निर्दोष.

नगर जिल्ह्यातल्या एका रिवाइंडिंगच्या दुकानात यावरून एकदा चांगलाच वाद रंगला. वाद घालणारे मामा आणि भाची. मामांचं उभं आयुष्य मोटरी खोलण्यात आणि भरण्यात गेलेलं. भाची तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकल शिकवते. निमित्त होतं पाच एचपीच्या एका सबमर्सिबल मोटरीचं. एकाच हंगामात ती दुसऱ्यांदा दुकानात आली होती. विहीर नदीकाठी, डीपी आणि स्टार्टर रस्त्याकडेला, आणि मधे चारशे मीटर अडीच एमएमची तीन कोअरची तांब्याची फ्लॅट केबल. मी तिथं बसलो होतो तो केवळ श्रोता म्हणून, पण माझी मतं मधेमधे येतील, ती गोड मानून घ्यावीत.

मामा: अडीचची वायर वीस अँपिअर आरामात घेते. कुठल्याही कंपनीचा तक्ता काढून बघ. ह्याची मोटर आठ अँपिअरची. निम्मासुद्धा भार नाही. मी स्वतः केबलीवर हात ठेवून बघितलाय, गार असते. मग दोष वायरीचा कसा?

भाची: मामा, तो वीसचा आकडा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: वरचं प्लॅस्टिक वितळेल की नाही. त्या तक्त्यात लांबीचा रकाना असतो का? नसतो. कारण वायर दहा मीटर असो नाहीतर हजार मीटर, दर मीटरला ती तेवढीच तापते. पण पलीकडच्या टोकाला किती व्होल्टेज उरतं हा प्रश्नच वेगळा आहे, आणि तिथं लांबी सगळ्यात आधी विचारावी लागते.

मामा: लांब गेलं की व्होल्टेज पडतं, हे मला नवीन नाही. पण पडून पडून किती? दहा व्होल्ट, बारा व्होल्ट.

भाची: मांडूनच बघू. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला साडेसात ओहमच्या आसपास असतो. चारशे मीटरला झाला तीन ओहम, दर फेजला. करंट नऊ अँपिअर धरा.

मामा: आठ लिहिलाय प्लेटवर.

भाची: प्लेटवर आठ आहे, पण तुमच्या क्लॅम्प मीटरवर काल नऊ आला होता. त्याच्याकडं नंतर येऊ. तीन फेजचा हिशोब आणि पॉवर फॅक्टर धरून वायरीत पडतात चाळीस व्होल्ट. आणि उष्णता? नऊचा वर्ग एक्याऐंशी, गुणिले तीन ओहम, गुणिले तीन तारा. सातशे एकोणतीस वॅट. जवळजवळ एक हॉर्सपॉवर बांधावरच संपला.

मामा: एक हॉर्सपॉवर संपला आणि हाताला चटका नाही?

भाची: तो चारशे मीटरवर पसरलाय ना. मीटरला दोन वॅटही येत नाहीत. उघड्यावर पडलेल्या केबलीचे दोन वॅट वाऱ्याबरोबर निघून जातात. हात लावून कळेल असं त्यात काही नाहीच.

मामा थोडा वेळ गप्प झाले. हा हिशोब त्यांनी कधी केला नसेल असं मला वाटत नाही. पण गिऱ्हाईक वायरीसाठी येत नाही, जळकी मोटर घेऊन येतं. दुकानाचा प्रश्न 'काय जळलं' हा असतो. 'काय जळलं नाही पण खाल्लं' हा प्रश्न काउंटरवर येतच नाही.

मामा: बरं, तुझे चाळीस व्होल्ट मान्य. आता माझं ऐक. तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय? व्होल्टेज कमी झालं की करंट कमी होतो. शाळेत मीसुद्धा घोकलंय. मग मला सांग, डीपीवर व्होल्टेज उतरलं की माझ्या मीटरवर मोटरीचा करंट वाढतो कसा? हजार वेळा बघितलंय. ओहमसाहेबांनी कधी सबमर्सिबल लावली नव्हती.

हा प्रश्न मला फार आवडला. शाळेतला नियम आणि शेतातला मीटर एकमेकांविरुद्ध साक्ष देतात, आणि बहुतेक शिक्षक अशा वेळी 'ते वेगळं असतं' म्हणून फळा पुसतात.

भाची: तुमचा मीटर खरं बोलतो. ओहमचा नियमही खरा. फक्त तो नियम वायर पाळते, मोटर पाळत नाही. वायर म्हणजे नुसता रोध. तिला जेवढा दाब द्याल त्या प्रमाणात करंट. मोटरीच्या शाफ्टवर मात्र पंप बसलाय, पंपाला तेवढंच पाणी तेवढ्याच उंचीवर चढवायचंय. काम ठरलेलं आहे. व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की ती तेच काम उरकायला साधारण दहा-अकरा टक्के करंट जास्त ओढते. म्हणून प्लेटवर आठ आणि मीटरवर नऊ. आणि आता वायरीचं बघा. करंट वाढला म्हणून वायरीत आणखी व्होल्टेज पडलं, म्हणून मोटरीला आणखी कमी मिळालं, म्हणून तिनं आणखी ओढला.

मामा: म्हणजे दोघी एकमेकींना खड्ड्यात ढकलतात.

भाची: कुठंतरी जाऊन थांबतं ते, पण नको तिथं थांबतं. वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. आठाचे नऊ झाले म्हणजे करंट आठवा हिस्सा वाढला, पण उष्णता पाव हिस्सा वाढली. आणि इन्सुलेशनचा कारखान्यांतला जुना ठोकताळा तुम्हाला माहीत आहे: तापमान दहा अंशांनी चढलं की आयुष्य निम्मं.

मामा: ओव्हरलोड रिले असतो की त्यासाठी.

भाची: असतो. पण तुम्हीच सांगा, शेतकरी तो कुठं लावून ठेवतात?

मामा: (हसून) शेवटच्या काट्यावर. रात्री दोन वाजता लाइट आली आणि रिले सारखा पडायला लागला, तर कोण उठून जाणार रिसेट करायला? बिबट्याची भीती वेगळीच.

भाची: चालू होतानाचंही बघा. थेट स्टार्टरवर सुरुवातीला मोटर सहापट करंट ओढते. त्या क्षणी वायरीत किती पडत असेल? आणि मोटरीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गानं कमी होतो. व्होल्टेज पाऊण झालं की टॉर्क जेमतेम छप्पन्न टक्के. मोटर घुमते, वेग घ्यायला वेळ लावते, आणि तेवढा वेळ सहापट करंट तिच्या अंगात खेळत राहतो.

इथं मामा उठले आणि त्यांनी ती जळकी मोटर टेबलावर ओढली. स्टेटर उघडाच होता. पाण्यातल्या मोटरीला वार्निशची तार चालत नाही, प्लॅस्टिक गुंडाळलेली पॉलिरॅप तार लागते. त्या तारेचं वेष्टण मऊ होऊन एकमेकांना चिकटलेलं, रंग उडालेला. मामांनी बॅटरी धरून खाचा एकेक करून दाखवल्या.

मामा: हे बघ. दोन फेजवर चालून जळालेली मोटर मी डोळे मिटून ओळखतो. ठरावीक कॉइली काळ्याठिक्कर होतात आणि मधेमधे काही कोऱ्या करकरीत राहतात. इथं तिन्ही फेजच्या कॉइली सारख्याच भाजल्यात. फेज गेलेला नाही. बेअरिंग चांगलं आहे, पंपात वाळू नाही. म्हणजे बराच काळ सगळ्याच कॉइलींतून जास्त करंट गेलाय. व्होल्टेज कमी होतं हे नक्की. पण ते डीपीनं कमी दिलं की वायरीनं खाल्लं, हे ह्या कॉइली सांगत नाहीत.

भाची: ते ओहम सांगेल. म्हणजे खरोखरच त्याचा 1826 सालचा प्रयोग सांगेल.

जॉर्ज सायमन ओहम तेव्हा कोलोनला शाळेत शिकवत होता. बाप कुलपं करणारा कारागीर, त्यामुळे धातूकामाची जाण घरातूनच आलेली. त्यानं एकाच जाडीच्या तांब्याच्या तारांचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे घेतले. त्या काळच्या बॅटऱ्यांचा जोर मिनिटामिनिटाला बदलायचा, म्हणून त्यानं बिस्मथ आणि तांब्याचा सांधा घेऊन एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरं बर्फात ठेवलं. असा न डगमगणारा उगम मिळाल्यावर तो एकेक तार जोडत गेला आणि चुंबकसूची किती वळते ते टिपत गेला. त्यातून आलेलं सूत्र आजच्या पाठ्यपुस्तकातल्यासारखं नव्हतं. त्यात छेदस्थानी दोन गोष्टींची बेरीज होती: जोडलेल्या तारेची लांबी, आणि तार जोडण्याआधीच मंडलात जो अडथळा आहे तो. नियमाचं पुस्तक 1827 साली निघालं. जर्मनीत त्याचं स्वागत थंडच झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कोप्ली पदक दिलं ते 1841 साली.

भाची: त्या बेरजेतच तुमचा वाद आहे, मामा. एक भाग डीपी आणि तिच्या मागची सगळी लाइन. दुसरा भाग आपली केबल. दोन्ही करंट अडवतात. कुणी किती अडवलं हे वेगवेगळं मोजता येतं. स्टार्टरपाशी मोटर बंद असताना व्होल्टेज घ्या, चालू केल्यावर घ्या. जेवढा फरक तेवढं ह्या मोटरीच्या करंटपायी डीपीकडं पडलं. मग विहिरीच्या काठावरच्या जॉइंटवर घ्या. स्टार्टर आणि विहीर यांतला फरक वायरीनं खाल्लेला.

मामा: उद्या नवी मोटर सोडतानाच घेऊ.

त्यांनी घेतलं, आणि आकडे एका बिलाच्या पाठीमागं लिहून आणले. स्टार्टरवर मोटर बंद असताना 404 व्होल्ट. चालू झाल्यावर 397. विहिरीवर 357. डीपीकडं सात पडले आणि बांधावर चाळीस. आता या 404 वरही तक्रार करता येईल, कारण कागदोपत्री 415 हवेत, आणि संध्याकाळी सगळ्या मोटरी एकदम चालू झाल्या की तेही खाली येणार. पण 404 हे ठरलेल्या सहा टक्क्यांच्या सवलतीत बसतात. 357 कशातच बसत नाहीत. मोटरीच्या टोकाशी जी तूट होती तिच्यातला मोठा वाटा शेतकऱ्यानं स्वतःच्या पैशानं विकत आणला होता.

मामा: हरलो म्हणणार नाही. त्यातले दोन-तीन व्होल्ट जॉइंटांनी खाल्ले असतील.

भाची: जॉइंट किती होते?

मामा: शंभर-शंभर मीटरची बंडलं पिळून जोडलेली. वर टेप. एक जॉइंट चारीत, पाण्यात. आता तुझ्या सूत्रात लांबी आहे, जाडी आहे, धातू आहे. ह्या पिळलेल्या इंचाचं काय? तो कुठल्या रकान्यात बसतो?

भाची: बसत नाही. तिथं तुम्ही बरोबर आहात. दोन तारा पिळल्या की त्या फक्त थोड्याशा बिंदूंवर टेकतात. करंटला मिळणारं क्षेत्रफळ अडीच चौरस मिलिमीटर नसतं, त्याचा एखादा अंश असतो. वर गंज चढतो.

मामा: समज एका जॉइंटचा रोध ओहमचा दहावा हिस्सा झाला. तुझ्याच हिशोबानं?

भाची: आठ वॅट.

मामा: आठ वॅट, एका इंचात! बाकी केबलीत मीटरभराला दोन नाहीत. मग तिथंच टेप काळी पडते, तिथंच तांबं जळतं, रोध आणखी वाढतो. आणि हे तीनपैकी एकाच फेजला झालं तर? तीन फेजचं व्होल्टेज थोडंसं वरखाली झालं, तरी मोटरीचा करंट त्याच्या कितीतरी पट वरखाली होतो. मी मोटरी जळताना बघितल्यात त्या लांबीपेक्षा जॉइंटनं जास्त. वर्गात तुम्ही अखंड तार शिकवता. शेतात अखंड तार कुणाकडंच नसते.

भाचीनं हे वहीत लिहून घेतलं. मला वाटतं, अभ्यासक्रमात हवं असं काही असेल तर ते हे.

मग गाडी जाडीकडं वळली. मामांचं म्हणणं सोपं होतं. पाइपलाइनसारखंच सगळं: पाइप लांब केला की पाणी कमी, जाड केला की पाणी जास्त. भाचीला ही तुलना अर्धीच मान्य होती. पाइपाचा व्यास दुप्पट केला तर तेवढ्याच दाबाला पाणी पाचपटीहून जास्त येतं, कारण भिंतीचं घर्षण फक्त कडेच्या पाण्याला जास्त भोवतं. तारेचा व्यास दुप्पट केला तर करंट बरोबर चौपट. तारेच्या आत कडेचं आणि मधलं असा भेद नसतो. इलेक्ट्रॉन सगळ्या छेदातून सारखेच सरकतात आणि सगळीकडं सारखेच अडखळतात.

मामा: हे मात्र मी मानत नाही. करंट वरून वाहतो. म्हणून तर बारीक बारीक तारांची वायर जास्त करंट घेते. पृष्ठभाग जास्त मिळतो तिला.

भाची: हे दुकानादुकानात ऐकलंय. हम्फ्री डेव्हीनं 1821 सालीच तपासलं होतं. तारेची वाहकता तिच्या पृष्ठभागावर नाही, आतल्या धातूच्या भरावावर ठरते. करंट पृष्ठभागाकडं सरकतो तो एसीत, आणि तोही वारंवारता वाढली की. पन्नास हर्ट्झला तांब्यात तो नऊ मिलिमीटर खोलपर्यंत पोचतो. तुमच्या अडीचच्या तारेची अख्खी जाडी दोन मिलिमीटरही नाही. बहुतारी वायर घ्यायची ती वाकवायला सोपी म्हणून, जास्त करंट नेते म्हणून नाही.

तापमानाबद्दल दोघांचं लगेच जमलं. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. मे महिन्यात बांधावर उन्हात पडलेली केबल साठ अंशांना पोचली, तर वीस अंशांच्या मानानं तिचा रोध सोळा टक्के चढलेला असतो. पिवळ्या बल्बच्या टंगस्टनचं टोकाचं उदाहरण भाचीनं दिलं: साठ वॅटच्या बल्बची तार पेटल्यावर नऊशे ओहमच्या घरात असते आणि थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून बल्ब बटण दाबताना उडायचे. मामा म्हणाले, हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्याचं कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

मामा: धातूकडं ये. माझं मत पक्कं आहे, तांब्याला पर्याय नाही. ॲल्युमिनियम मला नको.

भाची: तांब्यातांब्यातही फरक असतो. विल्यम थॉमसननं 1857 साली बाजारातलं तांबं तपासलं. अटलांटिकखालून तारायंत्राची केबल टाकायचं तेव्हा चाललं होतं. दिसायला सारख्याच तारांच्या वाहकतेत त्याला प्रचंड तफावत सापडली, आणि ती जराशा भेसळीमुळे. तोवर तांबं म्हणजे तांबं, असंच सगळे धरून चालायचे. पुढं केबलसाठी तांबं घेताना त्याची वाहकता मोजून घ्यायची पद्धत पडली. 1870 मध्ये मुंबई आणि एडन यांच्यामधे जी केबल पडली, ती या धड्यानंतरची.

मामा: म्हणजे माझी भेसळीच्या तांब्याची तक्रार दीडशे वर्षं जुनी निघाली. स्वस्त बंडल वजनाला हलकं लागतं, अडीच म्हणून सव्वादोन विकतात.

भाची: त्याला उपाय आहे. शंभर मीटरचा रोध मोजा, पावणेआठ-आठ दशांश ओहमच्या पुढं गेला तर परत करा. पण ॲल्युमिनियमला नको म्हणू नका. त्याचा रोध तांब्याच्या 1.6 पट, पण घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. चारशे मीटर, तीन कोअर, सहा एमएम तांबं घेतलं तर नुसत्या तांब्याचं वजन चौसष्ट किलोच्या पुढं जातं. तेवढाच रोध ठेवून ॲल्युमिनियम घेतलं तर दहा एमएम लागेल, आणि वजन बत्तीस किलो. तुमच्या डोक्यावरून जाणारी लाइन कशाची आहे?

मामा: विझल, रॅबिट नावाच्या तारा. सगळं ॲल्युमिनियम, मधे स्टील. पण ते खांबावर आहे, हवेत. माझं भांडण जॉइंटशी आहे. ॲल्युमिनियमवर क्षणात पापुद्रा चढतो, तो करंट नेत नाही. तांब्याशी थेट पिळलं की ओलाव्यात ते कुजतं. स्क्रूखाली दाबलं की हळूहळू बसतं आणि ढिलं होतं. तार तुझी स्वस्त, टोकं माझी महाग.

इथं मी मामांकडं झुकतो. रोधाचं सूत्र धातूचा एकच गुण धरतं. पण शेतात धातू गंजतो, ढिला होतो, उंदराच्या दातांना सापडतो.

मामा: आता शेवटचं विचारतो, हे गिऱ्हाईकच मला विचारणार आहे. सहाची टाकली तर तोटा सातशे वॅटवरून किती येईल?

भाची: मोटरीचा करंटही उतरेल. अडीचशे वॅटच्या आसपास. व्होल्टेजचा तोटा चाळीसवरून पंधरा.

मामा: म्हणजे साडेचारशे वॅट वाचले. आठ तासांत साडेतीन युनिट. कुणाचे वाचले? त्याला बिल कुठं आहे? 2024 पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज मोफत. त्याआधीही कित्येकांना मीटर नव्हताच, एचपीवर बिल. त्यानं दुपटीहून जास्त तांबं विकत घ्यायचं ते कशासाठी?

भाची: तोच थॉमसन, पुढं लॉर्ड केल्विन झाला. त्यानं 1881 साली वायर किती जाड असावी याचा नियम सांगितला. वायरीत गुंतवलेल्या पैशाचं वर्षाचं व्याज आणि वायरीत वाया जाणाऱ्या विजेची वर्षाची किंमत जिथं सारखी होते, ती जाडी सर्वांत किफायतशीर.

मामा: मग फुकट विजेला केल्विन काय म्हणतो?

भाची: जेवढी बारीक मिळेल तेवढी घ्या.

दोघंही हसले, पण हसण्यावारी न्यावं असं हे नाही. राज्यभरातल्या बांधांवर अडीच एमएमच्या केबली का पडल्यात, याचं कारण शेतकऱ्याच्या अडाणीपणात शोधायची गरज नाही. त्याचा हिशोब चोख आहे. तोट्याचं बिल सरकारी तिजोरी भरते. जास्तीचा करंट लाइन आणि रोहित्र तापवतो. आणि त्याच डीपीवर शेवटच्या टोकाला असलेल्या शेजाऱ्याला आणखी कमी व्होल्टेज मिळतं. वायर घेणाऱ्याच्या खात्यात यातलं काहीच येत नाही.

भाची: पण त्याच्या खात्यात मोटर येते ना, मामा. रिवाइंडिंग कोण भरतं? ऊस सुकतोय आणि मोटर तुमच्या टेबलावर आहे, त्या दिवसांचं काय?

मामा: ते मी सांगू शकतो त्याला. व्होल्टेजचं गणित नको. एका रिवाइंडिंगचे पैसे अधिक मोटर विहिरीतून काढायची-सोडायची मजुरी. दोनदा झालं की केबलीचा फरक निघायला लागतो. कपॅसिटर लावला तर?

भाची: लावाच. वायरीतला करंट कमी होईल, तापणं कमी होईल, आणि डीपीवरचा भार हलका होईल. पण बारीक केबलीत पडणारं व्होल्टेज त्यानं फारसं उठणार नाही, कारण खरं काम करणारा करंट तेवढाच राहतो. आणि कपॅसिटर विहिरीच्या टोकाला हवा. रस्त्याकडेच्या स्टार्टरपाशी लावला तर केबलीला त्याचा पत्ताही लागत नाही.

मामा: आणि एचव्हीडीएसमध्ये, म्हणजे उच्चदाब वितरण योजनेत, दिली तशी स्वतंत्र छोटी डीपी विहिरीजवळ मिळाली तर?

भाची: तर केबलीचा प्रश्नच उरत नाही. तीच पॉवर अकरा हजार व्होल्टवर आणली की करंट नऊ अँपिअरऐवजी पाव-अर्ध्या अँपिअरवर येतो. बारीक तारेतही काही पडत नाही. वायर जाड करायची नसेल तर करंट बारीक करायचा. पण ते त्याच्या हातात नाही, अर्ज करून वाट बघायची.

शेतकरी दुसऱ्या दिवशी आला तेव्हा भाची कॉलेजला गेली होती. मामांनी त्याला बिलाच्या पाठीवरचे तीन आकडे दाखवले आणि सांगितलं ते असं: रस्त्यापासून विहिरीपर्यंत दहा एमएमची ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल, अखंड, मधे एकही जॉइंट नाही, हातभर खोल चर खणून. दोन्ही टोकांना तांबं-ॲल्युमिनियमचे बायमेटल लग, दाबून बसवलेले. विहिरीत खाली सोडायला नवी तांब्याची फ्लॅट केबल, चार एमएमची. ओव्हरलोड आठवर, आणि त्याच्या स्क्रूला हात लावायचा नाही. जुनी अडीचची काय करायची, असं त्यानं विचारलं. मामा म्हणाले, गोठ्यातल्या दिव्याला वापर, तिथं ती दहा वर्षं टिकेल.